स्विंगची दुरुस्ती: सरावात आणि खेळात

गोल्फमध्ये स्विंगचा दोष काढण्याचे काम सरावाचे असते. खेळ सुरू असताना त्या दोषासकट कमीत कमी फटक्यांत होल पूर्ण करायचा असतो. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर, किंवा कुठल्याही मैदानावर, नवख्याची फेरी बिघडते ती ही दोन कामे एकत्र केल्यामुळे.

नेहमीचा दोष म्हणजे स्लाइस. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत उजवीकडे वळत जातो, कारण फटक्याच्या क्षणी क्लबचा चेहरा क्लबच्या मार्गाच्या मानाने उजवीकडे उघडा असतो. पकड डावीकडे वळलेली असणे, खांदे डावीकडे उघडे राहणे, क्लब बाहेरून आत येणे ही त्यामागची कारणे. वरून चेंडूपर्यंत क्लब सुमारे पाव सेकंदात खाली येतो. तेवढ्यात शरीराला सूचना देऊन काहीच बदलता येत नाही.

म्हणून सरावात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी पकड, मग अर्धा स्विंग, तोही सावकाश. बदल अंगवळणी पडू लागला की प्रत्येक चेंडूला क्लब आणि लक्ष्य बदलावे, कारण मैदानावर सारखा तोच फटका पुन्हा कधीच मिळत नाही. या कामाला वेळ लागतो. १९९७ची मास्टर्स १२ फटक्यांनी जिंकूनही टायगर वूड्सने प्रशिक्षक बुच हार्मनसह स्विंग नव्याने बांधला. १९९८मध्ये पीजीए टूरवर त्याला एकच विजय मिळाला; २०००-०१मध्ये मात्र त्याने लागोपाठ चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या.

फेरीत नियमही आड येतात. सल्ला फक्त कॅडीकडून किंवा जोडीदाराकडून घेता येतो, आणि होल खेळत असताना सरावाचा फटका मारता येत नाही. चेंडूविना क्लब फिरवायला मुभा असते. तेव्हा स्लाइस होत असेल तर निशाणा थोडा डावीकडे धरावा, ड्रायव्हरऐवजी जास्त लॉफ्टचा, म्हणजे जास्त तिरप्या चेहऱ्याचा, क्लब घ्यावा, कारण त्याने चेंडू कमी वळतो. लक्ष मनगट-कोपरांवर न ठेवता लक्ष्यावर ठेवावे.

सरावात दुरुस्ती आणि खेळात जुळवून घेणे, हे दोन्ही मार्ग सचिन तेंडुलकरने क्रिकेटमध्ये वापरले. १९९८मध्ये शेन वॉर्नला तोंड देण्यासाठी त्याने लक्ष्मण शिवरामकृष्णनकडून लेगस्टंपबाहेर चेंडू टाकून घेत सराव केला आणि चेन्नई कसोटीत नाबाद १५५ धावा काढल्या. २००४च्या सिडनी कसोटीत, दौऱ्यात सतत बाद होत असताना, त्याने तंत्र बदलले नाही. कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवला आणि नाबाद २४१ धावा केल्या.

फेरी संपल्यावर कोणता क्लब, कोणत्या बाजूला, किती वेळा चुकला याची नोंद करावी. पुढच्या सरावाचा विषय त्या नोंदीतूनच ठरतो.