युद्धाचा देखावा, अहिंसेचे घर

दिवाळी आली की महाराष्ट्रातील मुले अंगणात मातीचा किल्ला रचतात आणि त्यावर मावळे व तोफा मांडतात. जैन घरांत हाच काळ भगवान महावीरांच्या निर्वाणोत्सवाचा. जळकोटसारख्या बाजारपेठेच्या गावातील एखाद्या व्यापारी घरात नातवाने किल्ल्याऐवजी विमानातून उतरणाऱ्या तोफखान्याचा देखावा करायचे ठरवले, तर आजोबांच्या मनात प्रश्न उभा राहणारच : अहिंसेच्या घरात युद्ध कशाला?

या प्रश्नाचे उत्तर देखाव्यासाठी कोणता क्षण निवडला, यावर अवलंबून आहे.

११ डिसेंबर १९७१ चा प्रसंग घ्यावा. त्या दिवशी दुपार कलताना भारतीय सेनेची दुसरी पॅराशूट पलटण आजच्या बांगलादेशातील टांगाईलजवळ विमानांतून उतरली. ही पूर्वीची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. लोहाजंग नदीवरील पुंगली पूल ताब्यात घेऊन ढाक्याकडे माघार घेणाऱ्या शत्रुसैन्याची वाट रोखणे, हे तिचे काम होते. सोबत पॅराशूट तोफखान्याची एक बॅटरीही होती. दुसऱ्या दिवशी जमिनीवरून चालून आलेली पहिली मराठा पलटण तिला येऊन मिळाली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

हवाई तोफखान्याची खरी कसोटी पहिला गोळा सुटण्यापूर्वीच लागते. माणसे एका ठिकाणी उतरतात, तर तोफा आणि दारूगोळा स्वतंत्र छत्र्यांनी दुसरीकडे. ते सारे हुडकून, ओढून एकत्र आणेपर्यंत तोफ निरुपयोगीच असते. टांगाईलच्या गावकऱ्यांनी त्या संध्याकाळी जवानांना सामान वाहून नेण्यास मदत केली. देखाव्यासाठी हाच क्षण घ्यावा : कापणी झालेले भातशेत, एका कडेला तळे, जमिनीवर पसरलेल्या छत्र्या, दोर सोडवणारे जवान आणि पेट्या उचलणारे शेतकरी. यात रक्त नाही आणि सत्याचा अपलापही नाही.

सामग्री दुकानातच सापडते. बारदानाचे धागे कापून भाताचे खुंट होतात, पुठ्ठ्याच्या पेट्या होतात, कापडाच्या पातळ तुकड्यांच्या छत्र्या. एकास बहात्तर हे प्रमाण धरले, तर जवान अडीच सेंटीमीटरहून किंचित लहान आणि साडेआठ मीटर व्यासाची छत्री सुमारे बारा सेंटीमीटरची होते. प्रमाण एकदा ठरले की ते सगळीकडे पाळावे; तराजूचा हा धर्म व्यापाऱ्याच्या मुलाला नव्याने शिकवावा लागत नाही. विवेकही हवा. जनावरांच्या कातड्यापासून काढलेला सरस टाळून डिंक किंवा खळ वापरावी, केसांच्या कुंचल्याऐवजी नायलॉनचा घ्यावा आणि ओली माती खणण्यापेक्षा कोरडी, चाळलेली माती पसरावी.

शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद सांगितले आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसेचा त्याग करावा, हे अणुव्रत. संरक्षणासाठी घडणारी ती विरोधी. म्हणून सैनिकाविषयी आदर बाळगणे धर्माला सोडून नाही. मात्र मारण्यात रमणे धर्माला सोडून आहे. भरत आणि बाहुबली यांची सैन्ये समोरासमोर उभी ठाकली, तेव्हा मंत्र्यांच्या विनंतीवरून दोघा भावांनीच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध केले आणि सैनिकांचे प्राण वाचले. जिंकूनही बाहुबलींनी राज्याचा त्याग केला. ही कथा प्रत्येक जैन मुलाने ऐकलेली असते. देखाव्यापाशी बसून ती पुन्हा सांगता येते.

आजोबांनी म्हणूनच मुलाला थांबवू नये. ‘तोफ कुठे ठेवतोस?’ यापेक्षा ‘तिच्याभोवती माणसे काय करीत आहेत?’ असे विचारावे. ते उत्तर शोधताना मूल इतिहास शिकेल आणि जीवदयाही.