सव्वा महिना आणि ४२ दिवस

मंडळी, २०२३ साली आमच्या पाया लेबारच्या घरी कन्यारत्न आले. आईने पुण्याहून डिंकाचे लाडू पाठवले आणि फोनवर बजावले, "सव्वा महिना सूनबाईंनी बाहेर पडायचं नाही." सिंगापूरचा कायदाही जवळपास तेवढीच मुदत देतो : जन्मनोंदणी ४२ दिवसांत. नावावर एकमत होईना आणि मी जागा झालो तो थेट अडतिसाव्या दिवशी!

म्हणून सांगतो, नाव बारशालाच पक्के करा. वडिलांचे नाव व आडनाव तुमच्या पासपोर्टप्रमाणेच लिहा. मे २०२२ पासून दाखला डिजिटल असल्याने नोंदणी घरबसल्या होते.

आई-वडील दोघे भारतीय नागरिक असतील, तर इथे जन्मलेले बाळ सिंगापूरचे नागरिक होत नाही. भारतीय उच्चायुक्तालयात वर्षाच्या आत जन्माची नोंद करायलाच हवी. डिपेंडंट पाससाठी बाळाचा पासपोर्ट लागतो, तेव्हा इथे मात्र वर्षभर थांबू नका.

खर्चाचेही पाहा. अशा बाळाला सरकारी 'बेबी बोनस' नाही. नोकरदार आईची कायदेशीर रजा १६ नव्हे, १२ आठवडे. कंपनीचा विमा नवजात बाळाला केव्हापासून लागू होतो, हे आधीच लेखी विचारा.

आणि हो, कालनिर्णयवर बेचाळिसाव्या दिवसाभोवती लाल गोल करा. लाडू निवांत खाता येतील!