मिथेन-निवारण, आयनद्रायू व उत्प्रेरक यांद्वारे

हवेत अल्प प्रमाणात मिसळलेल्या मिथेन वायूचे, विद्युत् विसर्जनाने निर्माण केलेला आयनद्रायू म्हणजेच प्लाझ्मा आणि घन उत्प्रेरक यांच्या संयुक्त क्रियेने, कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांत रूपांतर करण्याची पद्धत. कोळशाच्या खाणीतून बाहेर सोडल्या जाणाऱ्या हवेच्या संदर्भात तिचा विशेष विचार होतो.

वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्र चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत पसरलेले असून मारेगाव–वणी परिसर त्याच पट्ट्यात येतो. येथील कोळसा गोंडवनी काळातील आहे. कोळसा तयार होताना निर्माण झालेला मिथेन त्याच्या सूक्ष्म छिद्रांत साठून राहतो व थर फोडताच मोकळा होतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असल्यास ठिणगीने स्फोट होतो. म्हणून भूमिगत खाणीत पंख्यांच्या साहाय्याने सतत ताजी हवा खेळवून हा वायू विरल करतात. खाणकामगाराचा धोका यामुळे टळतो परंतु वायू नष्ट होत नाही. तो वातावरणात जातो. समान वजनाचा विचार केल्यास १०० वर्षांच्या काळात मिथेनाचा तापमानवाढीवरील परिणाम कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. २८ पट असतो.

मिथेनाचा रेणू अत्यंत स्थिर आहे. त्यातील कार्बन व हायड्रोजन यांमधील बंध तोडण्यास दर मोलला सु. ४४० किलोजूल ऊर्जा लागते. पॅलॅडियमासारखा उत्तम उत्प्रेरक वापरूनही संपूर्ण ऑक्सिडीकरणासाठी सामान्यतः ४०० अंश से. च्या आसपास तापमान आवश्यक असते. शिवाय हवेतील बाष्प व गंधकयुक्त वायू यांमुळे पॅलॅडियमाची क्रियाशीलता घटते. मिथेन ०.१ टक्का असल्यास त्याच्या ज्वलनाने हवा केवळ सु. २७ अंश से. ने तापते. अर्थात बाहेर पडणारी उष्णता परत मिळविण्याची सोय नसेल, तर एवढ्या विरल वायूवर ही क्रिया स्वतःच्या बळावर चालू राहत नाही.

येथे आयनद्रायूचा उपयोग होतो. दोन विद्युत् अग्रांमध्ये काचेसारख्या निरोधक पदार्थाचा थर ठेवून उच्च दाबाची प्रत्यावर्ती वीज दिली असता हवेत असंख्य सूक्ष्म विसर्जने होतात. व्हेर्नर फोन सीमेन्स यांनी १८५७ मध्ये ओझोननिर्मितीसाठी अशीच योजना केली होती. या स्थितीत इलेक्ट्रॉन अतिशय तप्त असतात परंतु वायू जवळजवळ थंडच राहतो. वेगवान इलेक्ट्रॉनांच्या आघाताने ऑक्सिजन व बाष्प यांचे रेणू भंगून ऑक्सिजनाचे अणू व हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात आणि ती मिथेनावर हल्ला करतात. मात्र केवळ आयनद्रायू वापरल्यास ऑक्सिडीकरण अर्धवट राहून कार्बन मोनॉक्साइड व फॉर्माल्डिहाइड उरतात. तसेच ओझोन व नायट्रोजनाची ऑक्साइडेही निर्माण होतात.

उत्प्रेरकाची जोड दिल्यास हा दोष कमी होतो. एका रचनेत उत्प्रेरकाचे कण विसर्जनाच्या जागेतच भरतात, तर दुसरीत ते तिच्या पुढे ठेवतात. पहिल्या रचनेत अल्पायुषी मूलकेही उत्प्रेरकाच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचू शकतात. दुसरीत ओझोनासारखे दीर्घायुषी घटकच पोहोचतात. मँगॅनिजाची ऑक्साइडे ओझोनाचे विघटन करून त्यापासून पृष्ठभागावर क्रियाशील ऑक्सिजन उपलब्ध करतात. नागपूर व भंडारा जिल्ह्यांत मँगॅनिजाचे धातुक मिळते आणि पॅलॅडियमाच्या तुलनेत हा पर्याय पुष्कळ स्वस्त आहे. दोहोंच्या संयोगाने निव्वळ उत्प्रेरणापेक्षा कमी तापमानात मिथेनाचे रूपांतर होते, हे प्रयोगशाळांत दिसून आले आहे.

पद्धतीचे खरे मूल्यमापन मात्र विजेच्या खर्चावर अवलंबून आहे. दर लिटर हवेस १०० जूल ऊर्जा पुरते व सर्व मिथेन नष्ट होतो, असे मानले, तर १,००० घ. मी. हवेस सु. २८ किलोवॉट-तास वीज लागेल. ही वीज कोळशापासून निर्माण झालेली असल्यास तीपायी सु. २५ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडेल. या हवेत मिथेन ०.१ टक्का असल्यास तो सु. ०.७ किग्रॅ. भरतो आणि तो नष्ट केल्याने होणारा लाभ १८ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइडाइतकाच असतो. म्हणजे अपायच अधिक होतो. मिथेन ०.५ टक्का असल्यास तोच लाभ सु. ९० किग्रॅ. होऊन उपाय सार्थ ठरतो. भारतीय वर्गीकरणात पहिल्या प्रतीच्या खाणीत ज्वालाग्राही वायू ०.१ टक्क्यापेक्षा अधिक नसतो. अशा खाणींत कोळशाच्या विजेवर चालविलेली ही पद्धत लाभदायक ठरणे कठीण आहे. उघड्या खाणीत तर वायू थेट मोकळ्या हवेत मिसळतो, त्यामुळे तो एका वाटेने गोळा करता येत नाही.

अधिक मिथेन असलेल्या हवेसाठी, बाहेर पडणारी उष्णता साठवून ती आत येणाऱ्या हवेस देणारी ज्वलनयंत्रे उपलब्ध आहेत. ऑस्ट्रेलियातील वेस्ट क्लिफ खाणीत २००७ मध्ये अशा योजनेतून वीजनिर्मितीही सुरू झाली. आयनद्रायू-उत्प्रेरकी पद्धत मुख्यतः संशोधनावस्थेत आहे. कमी ऊर्जेत पुरेशी मूलके निर्माण करणे, नायट्रस ऑक्साइडासारखे स्वतःच तापमानवाढ करणारे उपपदार्थ टाळणे आणि बाष्पयुक्त, धुळीने भरलेल्या हवेत टिकणारा उत्प्रेरक मिळविणे, यांवर तिची उपयुक्तता ठरेल. वीज सौर वा पवनऊर्जेपासून मिळाल्यास वरील हिशेब बराच अनुकूल होतो.