पूर्ववृत्ताची पडताळणी

आपल्या मानोरा तालुक्यासारख्या भागांतील पुष्कळ तरुणांच्या मनात पोलीस शिपाई व्हावे किंवा सैन्यात जावे, अशी उमेद असते. छातीचे माप, धावण्याचा वेळ व लेखी परीक्षेचे गुण यांचा हिशेब त्यांस तोंडपाठ असतो. परंतु निवडीच्या वेळी जो साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो, त्याविषयी त्यांस फारसे ठाऊक नसते. आपणांस कधी अटक झाली होती काय, आपणांवर खटला झाला होता काय, एखादे प्रकरण अद्याप चालू आहे काय, असे त्यात स्वच्छ विचारलेले असते. पुढे ही उत्तरे पोलीस ठाण्याच्या दप्तराशी ताडून पाहतात.

गावाकडील समजूत अशी की, बांधावरून मारामारी झाली आणि पुढे उभयपक्षी समेट झाला, म्हणजे प्रकरण मिटले; मग ‘नाही’ लिहिण्यास हरकत कोणती? हरकत एवढीच की, भांडण मिटले काय, असे तेथे विचारलेलेच नसते. खटला झाला होता काय, असे विचारलेले असते.

केंद्रीय विद्यालय संघटनेच्या एका व्यायामशिक्षकाने असेच ‘नाही’ लिहिले. त्याजवर मारहाणीचा व धमकीचा खटला चालू होता. पुढे सरकारने तो मागे घेतला, तरीही त्याची नोकरी गेली व २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई कायम केली. नमुन्यातील इंग्रजी मजकूर आपणांस नीट समजला नाही, ही त्याची सबब पदवीधर शिक्षकाच्या तोंडी शोभली नाही. जो मुलांस ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणून सांगतो, त्यानेच अशी सबब सांगावी! निकाल कठोर खरा. अन्याय्य मात्र मला वाटत नाही.

याच न्यायालयाने २०११ साली दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवारास सवलत दिली. त्याने अर्जात गोष्ट लपविली होती. परंतु निवडीनंतरच्या नमुन्यात ती आपण होऊन सांगितली. खटला आपसांत मिटलेला होता, आणि घटनेच्या वेळी त्याचे वय सुमारे वीस वर्षांचे होते. तारुण्यातील उतावळेपणा जन्मभर डोक्यावर ठेवू नये, असा न्यायालयाचा आशय होता.

या दोन टोकांचा मेळ २०१६ च्या जुलैत अवतार सिंग प्रकरणी तीन न्यायाधीशांनी घातला. माहिती खरीच दिली पाहिजे. लहान वयातील घोषणाबाजीसारखा क्षुल्लक अपराध लपविला असल्यास अधिकारी तो सोडून देऊ शकतो. गंभीर असल्यास नेमणूक रद्द करू शकतो. जे विचारलेच नाही, ते न सांगितल्याचा ठपका ठेवता येत नाही. मात्र खरे सांगितले म्हणजे नोकरी मिळालीच, असेही नव्हे. पूर्ववृत्त तोलण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याकडे राहतोच.

जेथे राज्याची गुपिते हाताळावयाची, तेथे चौकशी अधिक खोल जाते. अमेरिकेत २०१७ च्या जूनमध्ये अमलात आलेल्या नियमांत अशा विश्वासाच्या तेरा कसोट्या सांगितल्या आहेत. त्यांत गुन्हेगारी वर्तन व वैयक्तिक वर्तन या दोन निराळ्या असून, चौकशीत खोटे उत्तर देणे हे दुसरीत मोडते. कर्जबाजारीपणाही तेथे पाहतात. कारण उघड आहे. ज्यापाशी झाकून ठेवण्याजोगे काही आहे, त्यास ते चव्हाट्यावर आणण्याचा धाक घालून परका मनुष्य गुपित काढून घेऊ शकतो. तेच त्याने आधी सांगून टाकले असेल, तर धाक घालणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

तेव्हा ज्या विद्यार्थ्याच्या नावावर एखादे प्रकरण असेल, त्याने फिर्यादीची व निकालाची प्रमाणित नक्कल न्यायालयातून आजच काढून जपून ठेवावी. नमुना भरताना प्रकरणाचा क्रमांक व तारीख तीवरूनच लिहावी लागते.