पोत्यांची अदलाबदल आणि त्यानंतर
अमेरिकेच्या मिशिगन राज्यात सेंट लुईस नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या मिशिगन केमिकलच्या कारखान्यात १९७३ साली दोन पावडरी निघत. 'न्यूट्रीमास्टर' गुरांच्या खाद्यात मिसळायची. 'फायरमास्टर' म्हणजे पीबीबी हे ब्रोमीनचं रसायन. प्लॅस्टिकने चटकन पेट घेऊ नये म्हणून ते त्यात घालत. छापील पोती संपली, साध्या तपकिरी पोत्यांवर स्टेन्सिलने नावं उमटवली गेली, आणि फायरमास्टरची काही पोती पशुखाद्याच्या गिरणीत पोचली.

गायींनी चारा सोडला, दूध आटलं, खुरं वेडीवाकडी वाढू लागली. केमिकल इंजिनिअरिंग शिकलेल्या एका शेतकऱ्याने पिच्छाच पुरवला, म्हणून १९७४ मध्ये कारण कळलं. तोवर ते दूध-मांस लोकांच्या पोटात गेलं होतं. सुमारे ३०,००० गुरं आणि १५ लाख कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या.

पीबीबीचं उत्पादन तिथे थांबलं. त्याच्या जागी भाऊबंदच आले: पीबीडीई. ब्रोमीन ज्वाळेतली साखळी प्रक्रिया तोडतं, हे काम ते चोख करतं. थोडक्या मात्रेत भागतं, म्हणून कारखानदारांनाही प्यारं. पण पीबीडीई प्लॅस्टिकच्या रेणूंना बांधलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं. वर्षानुवर्षं झिरपत घरातल्या धुळीत उतरतं. स्वीडनमध्ये साठवलेले आईच्या दुधाचे नमुने तपासले, तर १९७२ ते १९९७ या काळात त्यातलं पीबीडीई दर पाच वर्षांनी जवळपास दुप्पट झालेलं दिसलं. बंदीचा प्रवास मात्र कासवगतीचा. पीबीडीईचे पेंटा आणि ऑक्टा हे प्रकार युरोपात २००४ पासून बंद, चिवट प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत २००९ साली. डेका हा आणखी एक प्रकार त्याच यादीत यायला २०१७ उजाडलं. एकाच घराण्यातल्या रसायनांवर एकेक करून खटला चालवायचा, हा प्रकार मला आजही अजब वाटतो. भारतातल्या ई-कचरा नियमांतही आता या रसायनांसाठी ०.१ टक्क्याची मर्यादा आहे.

पण ही रसायनं आधीच घातलेल्या जुन्या टीव्हींचं काय? त्यांचं काळं प्लॅस्टिक वितळून पुन्हा बाजारात येतं. खेळण्यांत आणि स्वयंपाकघरातल्या काळ्या उलथन्यांत हीच रसायनं सापडली आहेत.

ब्रोमीनला पर्याय आहेत. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड साधारण २०० अंशांना पाणी सोडून आग थंड करतं. पण ते वजनाच्या साठ टक्क्यांपर्यंत घालावं लागतं. केबलच्या आवरणाला ते चालतं. टीव्हीच्या खोक्यात तेवढं भरलं, तर खोकं ठिसूळ होतं.