असोळण्याचा रोमिओ, परानाचा क्लब

कुरितिबा, ब्राझील : या शहराला समुद्रकिनारा नाही आणि ऊनही बेताचंच. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर वसलेल्या कुरितिबात जून-जुलैत स्वेटरशिवाय भागत नाही. पोर्तुगीज आडनावांच्या जोडीला पोलिश, जर्मन, इटालियन आडनावंही इथे पावलोपावली भेटतात. गोव्यातल्या असोळणा गावचा रोमिओ फर्नांडिस 2015 च्या सुरुवातीला या शहरात आला, तेव्हा तो 22 वर्षांचा होता. आदल्या वर्षी पहिल्याच इंडियन सुपर लीगमध्ये तो एफसी गोवाकडून खेळला होता आणि त्या संघाचा प्रशिक्षक होता ब्राझीलचाच दिग्गज झिको. मग रोमिओ लोनवर अत्लेतिको परानाएन्सेत दाखल झाला.

1924 मध्ये दोन क्लबांच्या विलीनीकरणातून जन्मलेला हा क्लब 2001 मध्ये ब्राझीलचा विजेता होता. 2014 च्या विश्वचषकाचे चार सामने त्याच्याच मैदानावर, अरेना दा बैशादावर झाले. सोनईच्या वाचकाला अशा क्लबाचा कारभार समजायला वेळ लागणार नाही, कारण तो तिथल्या मुळा सहकारी साखर कारखान्यासारखा सभासदांचा असतो. सभासद मत देतात, पॅनेल उभी राहतात, निवडून आलेला अध्यक्ष कारभार पाहतो आणि पराभवानंतर सगळ्यांच्या शिव्याही खातो. 2021 च्या कायद्याने क्लबांना कंपनी होण्याची वाट मोकळी करून दिली आणि काही मोठे क्लब त्या वाटेने गेलेही. अत्लेतिको मात्र सभासदांकडेच राहिला.

इथल्या फुटबॉलची घडी परक्या माणसाला चक्रावून टाकते. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक राज्याची स्वतंत्र स्पर्धा होते. देश एवढा अवाढव्य की राष्ट्रीय साखळी सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून या राज्य स्पर्धा रुजल्या. त्यांत विश्वचषकाच्या मैदानाचा मालक असलेला क्लब आणि ऊस-सोयाबीनच्या पट्ट्यातल्या छोट्या गावचा संघ एकाच गटात येतात. 2015 मध्ये पराना राज्याच्या स्पर्धेत अत्लेतिकोची घसरगुंडी झाली. पहिल्या फेरीत तळाच्या चार संघांत गेल्यामुळे त्याला खालच्या गटात जाण्यापासून वाचण्यासाठी वेगळी फेरी खेळावी लागली. विजेतेपद गेलं पोंता ग्रोसाच्या ऑपेरारियो संघाकडे. वाचण्याच्या त्या फेरीत, रोलांदिया गावच्या नासिओनालविरुद्ध रोमिओ बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. भारतातून आलेला खेळाडू ब्राझीलच्या नामांकित क्लबाकडून अधिकृत सामना खेळतोय, हे त्याआधी घडलं नव्हतं.

पुढे मात्र त्याला फारशी संधी मिळाली नाही. लोनची मुदत संपली, तो गोव्याला परतला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एफसी गोवा फातोर्ड्याच्या मैदानावर चेन्नईयिनकडून अंतिम सामना 3-2 असा हरला.

रोमिओची ही वारी वाया गेली, असं म्हणणाऱ्यांनी त्या काळातली अडचण लक्षात घ्यायला हवी. ब्राझीलच्या राष्ट्रीय स्पर्धांत तेव्हा एका सामन्यासाठी पाचच परदेशी खेळाडूंची नावं देता येत. (ही मर्यादा 2024 मध्ये नऊवर गेली.) अर्जेंटिना, उरुग्वे, कोलंबियाचे तयार खेळाडू हाताशी असताना पाचांतली एक जागा भारतीयाला द्यायची, तर त्याने त्यांच्याहून सरस असायला हवं.

आणि सरस व्हायला सामने लागतात. 2014 ची सुपर लीग ऑक्टोबर ते डिसेंबर एवढीच चालली. आठ संघ, साखळीत प्रत्येकाचे 14 सामने. इथली राष्ट्रीय साखळी 20 संघांची, म्हणजे 38 सामने. राज्य स्पर्धा आणि ब्राझील चषक त्याशिवाय. शिवाय क्लबांचे 13, 15, 17, 20 वर्षांखालचे संघ वर्षभर खेळत असतात.

ब्राझीलच्या ब्रुनो गिमारायसचंच पाहा. तो 2017 मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, अत्लेतिकोत आला. पुढच्याच वर्षी त्याने क्लबाच्या तरुण संघासोबत पराना राज्याचं विजेतेपद मिळवलं, मग मुख्य संघाकडून 2018 चा कोपा सुदामेरिकाना आणि 2019 चा ब्राझील चषक. 2020 च्या जानेवारीत फ्रान्सच्या लिओंने त्याला नेलं, तेव्हा तो 22 वर्षांचा होता. रोमिओ इथे पहिलं पाऊल टाकत होता, ते हेच वय. अंतर पडलं ते त्याआधीच्या आठ-दहा वर्षांत.

ती वर्षं भारतीय मुलाला ब्राझीलमध्ये काढता येत नाहीत. फिफाच्या नियमाने, काही अपवाद सोडले, तर अठरा वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबात नोंदणी होत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या बालेवाडीतल्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, 2017 मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला आणि 2019 मध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावाला गेला, तोवर त्याचं जडणघडणीचं वय मागे पडलं होतं. म्हणून असोळण्यात आणि कोल्हापुरात तेराव्या वर्षापासून किती सामने होतात, तिथेच परदेशी क्लबात टिकण्याची परीक्षा ठरते. खेळाडू घडवणाऱ्या क्लबांना त्याचा मोबदलाही मिळू शकतो. फिफाच्याच दुसऱ्या नियमाने करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबाला विकला गेला, की रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. ब्राझीलमधल्या छोट्या छोट्या गावांतले क्लब या पैशाचा हिशेब चोख ठेवतात.