इंदूरचा खड्डा

कंपोस्ट हा शब्द आता खेड्यातल्या पोरासोरांच्याही तोंडी आहे. पण त्या खड्ड्याचे माप, त्यातले थर आणि ते वरखाली करण्याचे वेळापत्रक होळकरांच्या इंदुरात ठरले, आणि ते ठरवणाऱ्या दोघांपैकी एक मराठी आडनावाचा होता, हे किती जणांच्या कानावर आहे?

पहिले नाव आल्बर्ट हॉवर्ड. इंग्लंडातल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९०५ साली तो बिहारातल्या पुसा येथील संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आला. त्याच वर्षी मुंबईत त्याचे गॅब्रिएल मथाई यांच्याशी लग्न झाले. बाई केंब्रिजमध्ये शिकलेल्या, स्वतः नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाच्या नव्या जाती काढल्या. ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ दूरवर पसरल्या. पण साहेबाच्या मनात एक सल राहिला. बी कितीही उत्तम असो, भुकेल्या मातीत ते करणार काय? आणि संस्थेत तर वनस्पतिवाला एका खोलीत, रसायनवाला दुसऱ्या, बुरशीवाला तिसऱ्या! अख्खे पीक कोणी पाहतच नव्हते.

हॉवर्डने स्वतः कसायला जमीन आणि बैल मागून घेतले. शेजारच्या गोठ्यात लाळ्या-खुरकत आला, त्या जनावरांना याचे बैल नाकाला नाक लावीत, तरी ते आजारी पडले नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. कसदार मातीतला चारा हेच त्याचे कारण, असा निष्कर्ष त्याने काढला. मला हा निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा वाटतो. मूठभर बैलांवर एवढा सिद्धान्त उभा राहत नाही. असो.

१९२४ साली इंदुरात नवी संस्था निघाली. पैसा मुख्यतः कापूस समितीचा, ३०० एकर जमीन होळकर दरबारची. तिथे हॉवर्डला यशवंत वाड हे रसायनशास्त्रज्ञ सहकारी मिळाले, आणि खड्ड्याला हिशेब आला.

अडचण अशी होती. पऱ्हाटीत कर्ब भरपूर, नत्र अगदी थोडे. ती तशीच जमिनीत गाडली तर कुजवणारे जिवाणू आपली भूक भागवायला मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. म्हणून ती आधी बाहेर कुजवायची. सुरुवातीला एका भाग नत्रास सुमारे ३३ भाग कर्ब असे प्रमाण साधायचे. पण नत्र आणायचे कोठून? विकतचे खत गरीब कुणब्याला परवडणारे नव्हते, आणि शेण तर चुलीत जात होते. उत्तर गोठ्याच्या जमिनीत सापडले. बैलांचे मूत्र मुरलेली माती! तिला ना कोणी जाळत होते, ना विकत होते. ती खरवडून खड्ड्यात घालायची, जागी नवी माती भरायची. सोबत थोडे शेण आणि चुलीतली राख. सगळे शेण लागत नाही. उरलेल्याच्या घरधनिणीने खुशाल गोवऱ्या थापाव्यात. या पद्धतीतले मला सर्वांत आवडलेले शहाणपण ते हेच.

कडक पऱ्हाट्या आणि तुराट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरून घेत, मग बैलांखाली अंथरीत, आणि मग खड्ड्यात. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूटच खोल, कारण हवा खेळली पाहिजे. थर तुडवायचे नाहीत, पाणी शिंपडायचे. काही दिवसांतच आत ६५ अंश सेंटिग्रेडच्या घरात ऊब चढते, पांढरी बुरशी धरते. पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी वरखाली करायचे. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, वास नसलेले खत तयार.

ढीग रचण्याची मूळ कल्पना चीनच्या शेतकऱ्यांची. अमेरिकन किंग यांच्या १९११ च्या पुस्तकातून ती हॉवर्डपर्यंत आली आणि तो ते मान्यही करी. त्याची आणि वाडांची कामगिरी मोजमापाची. १९३१ साली दोघांच्या नावाने शेतीतल्या टाकाऊ मालाच्या खतावर इंग्रजी पुस्तक निघाले. गॅब्रिएलबाई ते पाहायला राहिल्या नाहीत. १९३० साली त्या वारल्या. पुढे हॉवर्ड ‘सर’ झाला, सेंद्रिय शेतीवाल्यांनी त्याला जगभर डोक्यावर घेतले. वाड मात्र पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच राहिले.

मग आमच्या वऱ्हाडात पऱ्हाट्या आजही का पेटतात? लोक अडाणी आहेत म्हणून नव्हे. इंदूरच्या त्या हिशेबात बैलजोड्या होत्या, गाडीची चाके होती, स्वस्त मजूर होते. आता गोठे रिकामे, मूत्रमाती नाही, आणि तीनदा खड्डा उलथायला माणूस मिळत नाही. यंदा माझ्या चुलतभावाने चार शेजारी मिळून कुट्टीचे यंत्र भाड्याने आणले. “दादा, चुरा तर झाला,” तो म्हणाला, “आता शेण कोणाकडून आणू?” शेवटी पलीकडच्या गावच्या एका गवळ्याशी बोलणे झाले आहे. गाडीभर शेण आणि गोठ्याखालची माती, बदल्यात सरकी. भाव अजून ठरायचा आहे.